विश्वविक्रम करायचाय? आधी चांगला टाय घ्या

वरून एक गोरिला पिंपं सोडतो, खालून एक मिशीवाला सुतार शिड्या चढतो आणि सगळ्यात वर एक बाई मदतीसाठी ओरडत असते. निन्टेन्डोने १९८१ साली बाजारात आणलेल्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेमचं भांडवल एवढंच. या भांडवलावर माणसं जगप्रसिद्ध झाली, कोर्टकचेऱ्यांपर्यंत पोचली, त्यांच्यावर माहितीपट निघाला. तुम्हालाही यात नाव काढायचं असेल तर एक पथ्य पाळा. लगेच सरावाला बसू नका. सराव हा ज्यांच्या ओळखी नाहीत अशांचा मार्ग आहे.

पहिली पायरी म्हणजे वेळेवर जन्म घेणं. १९६५च्या सुमारास घेतलात तर उत्तम. वॉल्टर डे यांनी १९८१च्या नोव्हेंबरात आयोवा राज्यातल्या ओटम्वा गावी 'ट्विन गॅलक्सीज' हे आर्केड, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं दुकान, उघडलं आणि पुढे देशभरातले उच्चांक टिपून ठेवायला सुरुवात केली. वर्षभराने 'लाइफ' मासिकाने नामांकित खेळाडूंना तिथे जमवून भर रस्त्यात फोटो काढला. त्याच मुक्कामात फ्लोरिडाच्या सतरा वर्षांच्या बिली मिचेलने ८,७४,३०० गुण केले. त्या वेळी हजर असणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे, ज्या वहीत विक्रम लिहिले जातात त्या वहीवाल्यांशी पुढची पंचवीस वर्षं घरोबा ठेवणं.

ही संधी हुकली असेल आणि तुम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडसारख्या ठिकाणी गॅरेजमध्ये एकटेच खेळत असाल, तर नाइलाजाने खेळ शिकावा लागेल. तोही सांगून ठेवतो.

पडदे चारच आहेत: पिंपांचा, सरकत्या पट्ट्यांचा, लिफ्ट आणि स्प्रिंगांचा, आणि शेवटी रिव्हेटांचा. अमेरिकन आवृत्तीत पहिल्या लेव्हलला दोनच पडदे येतात, दुसऱ्या लेव्हलला तीन, तिसऱ्याला चार, चौथ्याला पाच आणि पाचव्यापासून पुढे प्रत्येक लेव्हलला सहा. त्या सहांपैकी तीन पिंपांचेच असतात, म्हणजे अर्धं आयुष्य पिंपांत जाणार हे धरून चाला. एकविसावी लेव्हल संपेपर्यंत ११६ पडदे होतात. ११७वा पडदा खेळायचा नसतो, त्यावर मरायचं असतं. त्याबद्दल पुढे येईलच.

पिंपावरून उडी मारली की १०० गुण. एका उडीत दोन पिंपं ओलांडली तर ३००. हातोड्याने फोडलं तर ३००, ५०० किंवा ८००, आणि किती मिळणार हे यंत्राच्या मर्जीवर. नवखा माणूस इथेच फसतो. हातोडा मिळाला की त्याला वाटतं आपण अजिंक्य झालो. प्रत्यक्षात हातोडा हाती असेपर्यंत शिडी चढता येत नाही, उडी मारता येत नाही. हातोडा वर गेला की समोरची बाजू उघडी पडते, खाली आला की डोकं, आणि पाठीमागून येणारा आगीचा गोळा तर विचारायलाच नको. सत्ता हाती आली की माणूस जागचा हलू शकत नाही, हे जपानी अभियंत्यांनी १९८१मध्येच ओळखलं होतं.

पिंप शिडीवरून खाली येईल की सरळ पुढे जाईल, यात नशिबाचा भाग असतोच, पण पुरता नाही. पिंप शिडीच्या तोंडाशी येतं त्या क्षणी तुमची जॉयस्टिक कुठे झुकलेली आहे, याचाही त्यावर परिणाम होतो. मुरलेले खेळाडू असं पिंपांना वळण लावतात, ती एका जागी गोळा करतात आणि हातोड्याखाली आणतात. तुम्ही हे कराल तेव्हा मागे उभ्या असलेल्याला वाटेल की तुम्ही उगीच काठी हलवताय. वाटू द्या.

स्प्रिंगांच्या पडद्यावर मात्र हुशारी चालत नाही. स्प्रिंग कुठून सुटते त्यावर तिच्या उड्यांचा पल्ला ठरतो आणि सुटण्याची जागा दर वेळी बदलते. वरच्या मजल्यावर स्प्रिंग लागत नाही अशा ठरावीक जागा आहेत, अगदी इंचाच्या मापाच्या. तिथे उभं राहायचं, येणारी स्प्रिंग आखूड की लांब हे नजरेने जोखायचं आणि मग शिडीकडे पळायचं. इथे अडीच तासांची मेहनत अर्ध्या सेकंदात जाते. ती गेली की कॅबिनेटला लाथ मारू नका. यंत्र जुनं आहे आणि आतला सर्किट बोर्ड कुणाकडून आणला हा प्रश्न पुढे निघणार आहे.

आता बोनस. चौथ्या लेव्हलपासून प्रत्येक पडद्याला ८००० पासून घड्याळ उलटं धावतं आणि पडदा संपवताना जे उरेल ते तुमचं. म्हणजे लवकर संपवलं तर बोनस जास्त, रेंगाळलात तर पिंपांचे गुण जास्त. दहा लाखांच्या पुढचा सगळा खेळ या दोहोंच्या हिशेबाचा आहे. अट्टल खेळाडू तर शिल्लक जीवसुद्धा वाया घालवत नाहीत, ठरवून मरतात. मेल्यावर गुण राहतात आणि तोच पडदा पुन्हा खेळायला मिळतो, म्हणून एकविसाव्या लेव्हलला पोचल्यावर प्रत्येक पिळून घेतलेला मृत्यू हे उत्पन्न असतं. शेतीपेक्षा बरं.

मग बाविसावी लेव्हल. यंत्र बोनस काढतं ते लेव्हलला दहाने गुणून त्यात ४० मिळवून. उत्तर ८०च्या वर गेलं तर ८० धरायचं आणि पुढे दोन शून्यं लावायची. बाविसाव्या लेव्हलला उत्तर येतं २६०. पण आठ बिटांच्या खणात २५५च्या वर आकडा मावत नाही, २५६ला तो पुन्हा शून्यावर येतो. २६० चे राहतात ४, म्हणजे बोनस ४००. पडदा चढायला एवढा वेळ पुरत नाही, काही सेकंदांत सुतार उताणा पडतो. याला 'किल स्क्रीन' म्हणतात. बेरजेत हातचा ठेवायला जागा उरली नाही, एवढंच झालं, पण ते बघायला लोक रांग लावतात. तुम्ही तिथवर पोचणार असाल तर आर्केडभर दवंडी पिटणारा एक माणूस हाताशी ठेवा. तो प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला असेल तर फारच छान, तुमच्या पाठीमागे गर्दी गोळा करून तुमचे हात थरथरवण्याचं काम तो फुकट करतो.

खेळ झाला. आता खरं काम, कागदपत्रं.

गॅरेजमध्ये खेळताना कॅमेरा सतत चालू हवा, यंत्राचा पडदा पूर्ण दिसायला हवा, टेप मध्ये थांबता कामा नये. त्याआधी मुलांना आजोळी पाठवा. 'द किंग ऑफ काँग' या २००७च्या माहितीपटात मिचेल यांचे प्रतिस्पर्धी, रेडमंडच्या गॅरेजमधले स्टीव्ह वीबी, यांचा खेळ ऐन रंगात असताना मुलगा शौचाला बसून ढुंगण धुवायला, म्हणजे त्यांच्या पद्धतीने पुसायला, वडिलांना हाका मारतोय. वडील पिंपांत अडकलेले. तो आवाज विक्रमाच्या टेपवर कायमचा आला. मुलीला तर बोलूच देऊ नका. गिनीजच्या पुस्तकात नाव यावं म्हणून काही लोक आयुष्याची वाट लावून घेतात, असं ती भर कॅमेऱ्यासमोर बोलून गेली.

दुसरी खबरदारी बोर्डाची. वीबींनी १०,०६,६०० केले, दहा लाख ओलांडले, पण त्यांचा बोर्ड मिचेल यांच्या जुन्या वैऱ्याकडून आलेला निघाला आणि विक्रम बाद झाला. खेळ कसा झाला याची चर्चा मागे पडली, वस्तू कोणत्या घरातून आली तेवढं पाहिलं गेलं. सोयरिकी जुळवणाऱ्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याआधी पंचांची माणसं गॅरेजमध्ये येऊन यंत्र उघडून बघून गेली होती. म्हणून कॅबिनेटची किल्ली कुठे असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवू नका, ते पाहुण्यांना चहाही देतात आणि किल्लीही.

टेपवर विश्वास नाही, समोर खेळून दाखवा, असं तुम्हाला ऐकवलं जाईल. जा. न्यू हॅम्पशायरमध्ये लॅकोनियाच्या वियर्स बीचला 'फनस्पॉट' नावाचं मोठं आर्केड आहे. वीबी तिथे गेले, अनोळखी यंत्रावर, लोकांसमोर ९,८५,६०० केले आणि किल स्क्रीन गाठला. प्रामाणिकपणाचा मार्ग हा असा लांबचा आणि विमानाच्या तिकिटाचा असतो. तुम्ही मात्र दुसरा मार्ग बघून ठेवा: घरी बसा आणि ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजींच्या हाती टेप पाठवा. मिचेल यांची टेप अशीच आली. तिच्यावर १०,४७,२०० होते आणि तीच चालली. समोर खेळणं सक्तीचं असतं, पण ते कुणाला, हे वहीवाल्यांना विचारून घ्यावं.

इथे टायचं महत्त्व कळतं. मिचेल यांची ओळख म्हणजे काळे केस, दाढी, अमेरिकेच्या झेंड्याचा टाय आणि 'रिकीज' नावाच्या तिखट सॉसचा धंदा. पॅकमॅनमध्ये शक्य ते सगळे, ३३,३३,३६० गुण करणारे पहिले म्हणून १९९९पासून त्यांचं नाव घेतलं जाई. समोर वीबी म्हणजे साधा शर्ट आणि शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी. कॅमेऱ्याला असं वाटप फार आवडतं. तुम्हाला खलनायक व्हायचं की बिचारा, हे शूटिंगच्या आधी ठरवा, संपादनाच्या टेबलावर ते दुसरा ठरवतो. त्या टेबलावर काय काय कापलं जातं याचा नमुना बघा: १९८२चा विक्रम २००० साली टिम स्झर्बी यांनी ८,७९,२०० करून मोडला होता. माहितीपटात त्यांचा पत्ता नाही. दोघांच्या भांडणात तिसरा आला की कथा बिघडते, म्हणून तुमच्या आधी कुणी विक्रम मोडला असेल तर त्याचा उल्लेख करू नका, दिग्दर्शकाला अवघड जातं.

जागेची निवडही विचारपूर्वक करा. मिचेल यांचा पुढचा १०,५०,२००चा विक्रम २००७मध्ये फ्लोरिडातल्या गहाणकर्ज दलालांच्या संमेलनात झाल्याची नोंद झाली. साक्षीदार कसे हवेत, तर हिशेबात चोख आणि पिंपांबाबत अनभिज्ञ.

आता एक धोक्याची सूचना, टेप जपून ठेवणाऱ्यांसाठी. टेप झिजते, पण लोकांची नजर तीक्ष्ण होत जाते. खऱ्या डाँकी काँगचा मॉनिटर नव्वद अंशांत वळवून उभा बसवलेला असतो आणि बोर्ड चित्र ओळीओळीने पाठवतो. त्यामुळे नवा पडदा येताना तो सरकत्या दारासारखा एका बाजूने उघडत जातो. 'मेम' हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, मात्र अख्खी फ्रेम तयार करून दाखवतो, म्हणून त्यात तुळया तुकड्यातुकड्यांनी उगवतात आणि एका क्षणी डावीकडे बोटासारखा एक तुकडा बाहेर आलेला दिसतो. फरक सेकंदाच्या बारीकशा अंशाचा. मिचेल यांच्या अडीच तासांच्या टेपमधला तेवढाच अंश लोकांनी थांबवून थांबवून पाहिला. २०१८च्या एप्रिलमध्ये ट्विन गॅलक्सीजने मिचेल यांचे सगळे विक्रम काढून टाकले, गिनीजनेही काढले. मिचेल यांनी आरोप फेटाळले आणि दावा लावला. २०२० साली गिनीजने विक्रम परत दिले, २०२४च्या जानेवारीत दावा तडजोडीने मिटला आणि ट्विन गॅलक्सीजने ते आकडे जुन्या नोंदींच्या दालनात ठेवले. बाद नाहीत, चालूही नाहीत, ऐतिहासिक आहेत. सरकारी फायलीलासुद्धा इतकी सुबक जागा सापडत नाही.

एम्युलेटरची भीती वाटत असेल तर आकडाच असा निवडा की तो मुळात अशक्य असेल. टॉड रॉजर्स यांचा अटारी या घरगुती यंत्रावरच्या 'ड्रॅगस्टर' या गाडी पळवायच्या खेळातला ५.५१ सेकंदांचा विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. शेवटी कुणीतरी खेळाचा कोडच उलगडून पाहिला, तर त्यात ५.५७च्या खाली जाताच येत नव्हतं. २०१८च्या जानेवारीत तोही गेला, पण तीस वर्षं काही कमी नाहीत, एवढ्यात घराचं कर्ज फिटतं.

हे सगळं टाळून नुसतं चांगलं खेळणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. हँक चिएन नावाच्या न्यूयॉर्कच्या प्लास्टिक सर्जननी २०१०मध्ये १०,६१,७०० केले. वेस कोपलंडनी २०१६मध्ये १२,१८,०००. रॉबी लेकमननी त्याच्याही पुढे, १२,७२,८००. यांच्या नावाने झेंड्याचे टाय विकले जात नाहीत.

शेवटी फोटोचं बघा. डाँकी काँगचा गुणफलक सहाच आकड्यांचा आहे. दहा लाख झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे १०,०६,६०० केले तरी पडद्यावर ००६६०० एवढंच दिसतं, आणि एवढे गुण शेजारच्या मुलाने पहिल्या नाण्यात केलेले असतात. फोटो काढताना डावा अंगठा फलकाच्या डाव्या कडेला असा टेकवा, की पुढचा एक त्याच्यामागे झाकला गेलाय असं वाटावं.