‘गॅल्व्हनाइज करा आणि पन्नास वर्षं विसरा’ म्हणणाऱ्यांना

फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: मॉड्युलर प्लांटचं (कारखान्यात मॉड्यूल म्हणजे तयार तुकड्यांत बांधून जागेवर जोडायच्या प्लांटचं) सगळं स्टील हॉट-डिप गॅल्व्हनाइज करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवा; मॉड्यूल तयार झालं की टाकीत बुडवा, जोडांना काही फरक पडत नाही, पन्नास वर्षं ना गंज, ना रंग. मी स्वतः गॅल्व्हनायझिंगच्या बाजूचा आहे, म्हणून तर हा सल्ला खटकतो. असं ऐकून केलेलं काम फसलं की दोष जस्ताच्या माथी येतो.

‘पन्नास वर्षं.’ कुठे? ६ मिमीहून जाड स्टीलवर आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जस्ताचा थर सरासरी किमान ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा. हवा किती गंजवते याचे वर्ग पाडणाऱ्या आयएसओ ९२२३ च्या मध्यम, म्हणजे सी-३ हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. तिथे पन्नास वर्षं निघू शकतात. फार गंजवणाऱ्या सी-५ हवेत हाच दर ४.२ ते ८.४ आहे. भागाकार केला तर १० ते २० वर्षं हाती येतात. जस्तावर कार्बोनेटचा जो घट्ट थर धरतो तोच त्याला राखतो, आणि आम्लाच्या वाफांपुढे तो टिकत नाही. तारापूरसारख्या किनाऱ्यालगतच्या रासायनिक वसाहतीत खारी हवाही सोबतीला असते. अशा जागी जस्तावर रंग द्यावाच लागतो, तोही पृष्ठभाग हलक्या ब्लास्टिंगने (बारीक कणांचा जोरदार मारा करून) खरबरीत करून. नाहीतर पापुद्रे सुटतात.

‘मॉड्यूल तयार झालं की बुडवा.’ हे सर्वांत धोक्याचं. टाकीतलं जस्त साधारण ४५० अंशांवर वितळलेलं असतं. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप किंवा बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ नळी) त्यात गेला, तर आत अडकलेल्या हवेचा आणि ओलाव्याचा दाब वाढून तो फुटतो. टाकीपाशी माणसं उभी असतात. हवा बाहेर पडायची आणि जस्त निथळायची भोकं ड्रॉइंगवरच दाखवलेली हवीत. डिस्पॅचच्या आदल्या दिवशी ड्रिल घेऊन धावून ते साधत नाही. शिवाय जाड-पातळ भाग एकत्र वेल्ड करून बुडवले की ते वाकडे होतात. म्हणून टाकीत मावतील असे सुटे भाग करायचे, बुडवायचे आणि मग बोल्टने जोडायचे. नंतर साइटवर वेल्ड मारलात तर तिथलं जस्त जळतं आणि त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो. झिंक-रिच (जस्त भरपूर असलेल्या) पेंटची डागडुजी छोट्या जागांपुरती असते. गॅल्व्हनायझरलाही जस्त न बसलेली जागा एकूण क्षेत्राच्या ०.५ टक्क्यापर्यंतच दुरुस्त करायची मुभा आहे.

‘जोडांना काही फरक पडत नाही.’ पडतो. घर्षणावर भार पेलणाऱ्या बोल्टच्या जोडात आयएस ८०० (२००७) हे स्टील बांधकामाचं भारतीय मानक ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाला ०.५० घर्षणांक देतो, गॅल्व्हनाइज केलेल्याला ०.१०. पाचवा हिस्सा! क्रेनने उचलल्या जाणाऱ्या, ट्रेलरवर हेलकावे खाणाऱ्या मॉड्यूलचा जोड हा आकडा धरूनच काढायला हवा.

‘सगळंच स्टील.’ स्टेनलेस पाइपच्या वरचं तरी नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं. आगीत त्याचे थेंब तापलेल्या स्टेनलेसवर पडले तर पाइपला तडे जातात. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथल्या रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण गेले. मूळ कारण वेगळं ठरलं, पण तिथल्या ८ इंची स्टेनलेस पाइपचा जस्तामुळे गेलेला तडा चौकशीत बारकाईने तपासला गेला. अशा पाइपवरची जाळी आणि आधार जस्त नसलेल्या रंगाचेच ठेवा.