‘एका क्लिकमध्ये आजोबा फोर-के’: या फॉरवर्डचं काय करायचं?

घराघरांतल्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. अल्बममधल्या फोटोचा मोबाईलने फोटो काढा, डीपीआय ३०० चा १२०० करा, एआय ॲपला द्या. चेहरा ‘होता तस्सा’ दिसतो, मूळ रंग परत येतात, मग जुने कागद टाकून दिले तरी चालतात.

डीपीआयचा मुद्दा लगेच निकालात निघतो. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढंच तो आकडा सांगतो. ४ बाय ६ इंचांचा प्रिंट ३०० वर स्कॅन केला की १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात. नंतर तिथे १२०० लिहिलं, तर पिक्सेल तेवढेच राहून छपाई १ बाय दीड इंचाची होते. नाहीतर सॉफ्टवेअर शेजारचे पिक्सेल बघून मधल्या जागा हिशेबाने भरतं. लांबी-रुंदी चौपट केली तर १६ पैकी १५ पिक्सेल असे भरतीचे. बारकावे हवेत तर ते स्कॅन करतानाच घ्यायचे: साधा प्रिंट ६०० वर, पासपोर्ट साइज १२०० वर. निगेटिव्ह सापडली तर मग प्रिंटच्या नादी लागूच नका. ती २४ बाय ३६ मिलिमीटरची असेल तर २४०० च्या पुढे जा. त्याला मागून प्रकाश देणारा स्कॅनर मात्र लागतो.

‘होता तस्सा चेहरा’ हा दावा मला जास्त खटकतो. लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या आत्याचा चेहरा स्कॅनमध्ये जेमतेम ४० पिक्सेल रुंद असतो. एकेका डोळ्याच्या वाट्याला आठ-दहा पिक्सेल. त्यात पापण्या नाहीतच, तर ॲप त्या आणतं कुठून? इतरांच्या चेहऱ्यांवरून. जीएफपीगॅन, कोडफॉर्मर ही चेहरा सुधारणारी मॉडेल्स एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकलेली आहेत. फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवरून गोळा केलेले ७०,००० फोटो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या, धूसर फोटोतून स्पष्ट चेहरा बनवणाऱ्या ‘पल्स’ या मॉडेलला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला, तर बाहेर आला एक गोरा माणूस. हे चेहरे काल्पनिक असतात, असं ते बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं.

आता हनुवटीवरचं गोंदण, गालावरचे देवीचे व्रण, नाकातली चमकी आठवा. धूसर फोटोत हे सगळे नुसते ठिपके, आणि ठिपके पुसणं हे तर ॲपचं कामच. ज्या खुणेवरून पणजी ओळखू यायची तीच जायची. स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायचे, हे खरं. पण त्यांनी निदान माणूस पाहिलेला असायचा. ओरखडे, घड्या, बुरशीचे डाग काढायला ही साधनं खुशाल वापरा, चेहऱ्याची सुधारणा तेवढी बंद ठेवा.

रंगांचं म्हणणं अर्धं बरोबर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट लालसर पडतात, कारण त्यातला एक रंगद्रव्याचा थर बाकीच्यांपेक्षा जास्त उडालेला असतो. उरलेल्यावरून रंग बऱ्यापैकी सावरता येतो. कृष्णधवल फोटोत मात्र रंगाची नोंदच नसते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल दिसतच नसे, त्यामुळे लाल लुगडंही काळं उमटे. ॲपने ते निळं केलं तर तो निव्वळ अंदाज. रंगीत प्रत हौसेने करा, पण फाईलच्या नावात तसं लिहा.

आणि कागद टाकायचे? मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कुणीतरी शाईने लिहिलेली नावं असतात. ॲपने दिलेल्या प्रतीत त्यातलं काही येत नाही. ती बाजूही स्कॅन करा. पहिली फाईल टिफ या बारकावे न घालवणाऱ्या फाईल-प्रकारात ठेवा, दुरुस्ती तिच्या प्रतीवर करा आणि नातेवाइकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करा.