माशी, दुर्बीण आणि शंभर मीटरवरचा मेंढा

पॉइंट टू-टूची, म्हणजे बावीसची, रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात. बाकी सगळ्याचे पैसे पडतात. मी राहतो ॲरिझोनात. इथे निवडुंग आणि सल्ले, दोन्ही बिनपाण्याचे वाढतात. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचं अवाढव्य नेमबाजीचं मैदान आहे. तिथे ऑफिसातल्या एका सज्जनाने मला ‘सिल्हूट’ नावाचा खेळ दाखवला आणि माझ्या शनिवार-रविवारांची वाट लावली.

खेळ ऐकायला पोरखेळ. पोलादी पत्र्याचे प्राणी ओळीने मांडलेले. ४० मीटरवर कोंबड्या, ६० वर रानडुकरं, ७७ वर टर्की आणि १०० वर मेंढे. पाच-पाचची रांग, डावीकडून सुरुवात, पाच गोळ्यांना अडीच मिनिटं. ७७ हा चमत्कारिक आकडा कुठून आला, तर मोठ्या रायफलच्या मूळ खेळात टर्की ३८५ मीटरवर असते आणि बावीसवाल्यांनी सगळंच पाचाने भागून टाकलं. अंतरही आणि प्राणीही. त्यामुळे कोंबडी तळहातावर मावते. हे सगळं मेक्सिकोतून आलं. तिथे पूर्वी खरी जिवंत जनावरं बांधून त्यांच्यावर नेम धरत, पुढे पोलादी आकृत्या आल्या. मेक्सिकोतल्या कोंबड्यांना कुणी विचारलं नाही, पण त्यांचं मत अनुकूल असावं.

खरी गोम पुढे आहे. मारायचं ते उभं राहून. टेकू नाही, पट्टा नाही, ऑलिंपिकवाले घालतात तसलं ताठ जॅकेट नाही. आणि गोळी नुसती लागून भागत नाही. प्राणी खाली पडला तरच गुण.

आता रायफल. पहिला सल्लागार रुगर टेन-ट्वेंटीटूवाला. ही रायफल १९६४ पासून निघते आणि या गावात ज्याच्या गॅरेजमध्ये ती नाही त्याच्याकडे लोक संशयाने पाहतात. तो म्हणाला, “डोळे मिटून घे. मग नळी बदल, चाप बदल, दस्ता बदल.” मी विचारलं, “मग मूळची काय उरते?” तो म्हणाला, “नंबर.” दुसरा झेक बनावटीच्या सीझेडचा भक्त. बोल्ट मागे-पुढे करताना येणारा आवाज त्याने मला इतक्या वेळा ऐकवला की मी वाहवा म्हणून गेलो. तिसरे जर्मन ॲन्शुट्झवाले. ते सल्ला देत नाहीत. आधी तुमच्या हातातल्या रायफलकडे बघतात, मग तुमच्याकडे, आणि मग लांब डोंगराकडे. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, “एवढ्यात आपण सगळे पुण्याला जाऊन लग्न जेवून परत येऊ.”

त्यात वजनाचं झंगट. ‘हंटिंग’ गटात रायफल दुर्बिणीसकट साडेआठ पौंडांच्या आत हवी आणि चाप ओढायला किमान दोन पौंडांचा जोर लागायला हवा. ‘स्टँडर्ड’ गटात दहा पौंड दोन औंसांपर्यंत मोकळीक. जड रायफल हातात स्थिर राहते असं सगळे सांगतात. हे खरंच आहे, फक्त पहिल्या रांगेपुरतं. मेंढ्यांपर्यंत पोचता पोचता डाव्या खांद्यातून निराळेच संदेश येऊ लागतात.

पण रायफल हे किरकोळ दुखणं. खरा आजार दुर्बीण.

मला वाटायचं, जितकी जास्त मोठी दिसेल तितकी कोंबडी सोपी. दुकानदाराने चोवीसपट दाखवणारी दुर्बीण हातात दिली. मी उभ्याने डोळा लावला. कोंबडी ऐसपैस दिसली, तिच्यासोबत माझी नाडीही दिसली, दुपारच्या दोन कप कॉफीही दिसल्या. दुर्बिणीतल्या फुलीचा मध्य कोंबडीच्या चोचीवरून शेपटीवर, तिथून शेजारणीवर, तिथून आभाळात. आपण एवढे हलतो हे ज्ञान माणसाला बिनपैशाचंही मिळू शकतं. मग ‘पॅरलॅक्स’. डोळा जरा सरकला की फुलीही कोंबडीवरून सरकते. ते टाळायला अंतरानुसार एक कडं फिरवायचं. पुष्कळ दुर्बिणी कारखान्यातूनच शंभर यार्डांना जुळवून येतात, म्हणजे मेंढा बिनघोर, कोंबडी अस्पष्ट.

आणि दुर्बिणीवरचा, नेम वर-खाली करायचा खुंटा. बावीसची गोळी बिचारी जेमतेम आवाजाच्या वेगाची. कोंबडीवर जुळवलेला नेम तसाच ठेवून मेंढ्यावर मारली तर गोळी चांगली वीतभर खाली जाते, आणि हा मेंढा मुळात वीतभर लांबही नसतो. म्हणून प्रत्येक प्राण्यासाठी खुंटा ठरावीक टिचक्या पुढे फिरवायचा. एक टिचकी म्हणजे शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. कोंबडीपासून मेंढ्यापर्यंत तीसेक टिचक्या. मेंढे झाल्यावर खुंटा परत आणायला विसरलेला माणूस रेंजवर लगेच कळतो: त्याच्या पुढच्या कोंबड्या निवांत उभ्या असतात आणि तो काडतुसांच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचत असतो.

आमची ही कोल्हापूरची. तिने एका वाक्यात निकाल लावला: “आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं, तेव्हा कुठली दुर्बीण होती?” नव्हती. २०२४ चं ते पदक त्याने याच बावीसच्या काडतुसावर, रायफलवरच्या नेम धरायच्या बारीक भोकातून नुसत्या डोळ्याने मिळवलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली तीही तशीच. मी म्हणालो, “अगं, तिथे कोंबड्या नसतात. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं, १०.४ मिलिमीटरचं.” बोललो आणि जाणवलं की वकील विरुद्ध पक्षाची बाजू मांडतोय.

शेवटी एकाची जुनी सीझेड आणि सहा ते चोवीसपट अशी दुर्बीण घेतली. ती मी बारापटीवर ठेवतो. वरच्या बारांचे पैसे गेले ते गेले. मग काडतुसं. बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या काठात असतो, त्यामुळे रिकामं पुन्हा भरून वापरता येत नाही. बाजारात असेल त्यातूनच निवडायचं. आणि निवड आपण करत नाही, नळी करते. एली, एसके, सीसीआय असं सगळं तिला चाखवून पाहिलं. सगळ्यात महाग ते तिने नाकारलं, एवढाच तिचा माझ्यावर उपकार.

अशात सासरे सहा महिन्यांसाठी आले. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ चालवलेली, त्यामुळे या विषयात घरात त्यांच्यावर कोणी नाही. पण पर्यटक व्हिसावरच्या माणसाला इथे बंदुकीला हात लावायचा म्हणजे कायद्याची भानगड. मात्र या खेळात नेमबाजामागे एकाला दुर्बीण घेऊन बसायची मुभा असते, गोळी कुठे गेली ते सांगायला. सासऱ्यांनी खुर्ची ओढली.

“काय हो जावईबापू, आमच्याकडं नेम धरायला नुसती माशी असायची, नळीच्या टोकाला. कोंबडीला मारायला दुर्बीण?”

“बाबा, गोळी कुठे गेली?”

“गेली की. डुकराच्या शेपटीमागनं.”

मेंढ्यांची रांग आली. पहिल्या मेंढ्याला मी पायाशी मारलं. टण्ण. मेंढा जागच्या जागी गर्रकन वळला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. गुण लिहिणाऱ्या बाईंनी शून्य मांडलं.

“ओ! लागली की!” सासरे उठले. “आवाज आला, बघा तरी! आम्हाला कागदाला भोक पडलं की मार्क मिळायचे. तो पडंना झाला, तर यात जावयाचा काय दोष? सांगा हो त्यांना विंग्रजीत.”

बाईंनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खांद्याला रायफल लावून उभा होतो, चार मेंढे शिल्लक होते आणि घड्याळात चाळीस सेकंदं.