जनरलसाहेबांचं डिपॉझिट आणि तुमचा राग

नमस्कार मेजर,

(हवालदार म्हणून निवृत्त झालो, असं तुम्हीच लिहिलंय. पण आमच्या साताऱ्याकडे पेन्शनवर घरी आलेला प्रत्येक फौजी 'मेजर'च असतो, तेव्हा राहू द्या.)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग २०१७ च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत अकाली दलाकडून पटियाळा शहरात उभे राहिले आणि त्यांचं दहा हजारांचं डिपॉझिट गेलं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: 'पंख्याखाली बसून फौजींची टिंगल करणं सोपं असतं. ज्यानं अख्खी फौज सांभाळली त्याला एक मतदारसंघ जड जाणार होता का? लाज जनरलसाहेबांना नाही, त्या मतदारांना वाटली पाहिजे. फौजी पैसे खात नाही, म्हणूनच तो कुणाला नको असतो.' आणि शेवटी: 'साहेब मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते, एवढं तरी लिहायचं होतंत.'

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी चुकलोय. जनरल सिंग नवव्या मराठा बटालियनचे. पंजाबी माणूस आयुष्यभर मराठी जवानांबरोबर राहिला, काश्मीरमध्ये ब्रिगेड सांभाळताना जखमी झाला, २००५ मध्ये लष्कराचा पहिला शीख प्रमुख झाला. मराठीत त्यांच्याबद्दल लिहिताना ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती. दुसरी चूक शीर्षकाची. 'जनरलची दहा हजारांची शिकस्त' हे मला लिहिताना चटपटीत वाटलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते नुसतंच चटपटीत वाटलं.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी मागे हटत नाही.

पटियाळाच्या मतदारांनी फौजीला नाकारलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्यांनी निवडलं कुणाला? कॅप्टन अमरिंदरसिंग यांना. तेही फौजीच. १९६३ मध्ये शीख रेजिमेंटमध्ये गेले, १९६५ च्या सुरुवातीला घरच्या कारणासाठी बाहेर पडले आणि युद्ध सुरू होताच परत रुजू झाले. नोकरी उणीपुरी तीन वर्षांची, पण 'कॅप्टन' हे नाव पंजाबात आजही त्यांच्यापुढे लागतं. म्हणजे मतदारांसमोर एक जनरल होता आणि एक कॅप्टन. जनरलना ११,६७७ मतं पडली, कॅप्टन ५२,४०७ मतांच्या फरकानं निवडून आले. डिपॉझिट वाचवायला झालेल्या वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, तेवढाही जमला नाही. दुसऱ्या क्रमांकावर होते आम आदमी पक्षाचे एक डॉक्टर.

आता तुमच्या हिशोबानं इथे हुद्दा चालायला हवा होता. तो चालला नाही, कारण पटियाळा हे अमरिंदरसिंगांच्या घराण्याचं संस्थान, ते तिथून २००२ पासून सलग निवडून येत होते आणि त्यांच्या पत्नीही तिथूनच खासदार झालेल्या. समोर अकाली दल होतं, दहा वर्षं सत्तेत राहून लोकांच्या मनातून उतरलेलं. त्या वर्षी अकालींना ११७ पैकी १५ जागा मिळाल्या. जनरलसाहेबांच्या जागी तिथे दुसरं कुणीही असतं तरी निकाल फार वेगळा लागला नसता. मतदारांनी लाज वाटून घ्यावी असं यात मला काही दिसत नाही.

आणखी एक गंमत बघा. त्याच निवडणुकीत कॅप्टन लांबी नावाच्या दुसऱ्या मतदारसंघातही उभे होते, प्रकाशसिंग बादल यांच्याविरुद्ध. तिथे ते पडले. माणूस तोच, निवडणूक तीच, पटियाळात गुलाल आणि लांबीत पराभव. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, खुद्द पटियाळातही कॅप्टन पडले, जवळजवळ वीस हजारांनी. पाडलं कुणी, तर शहराच्या एका माजी महापौरानं. जनरलला कॅप्टननं हरवलं, कॅप्टनला महापौरानं. तुमच्या पलटणीत अशी उतरती भाजणी कुठे पाहायला मिळणार नाही.

'अख्खी फौज सांभाळली' या वाक्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण खरा घोळ तिथे आहे. फौजेत वरून हुकूम आला की खालचा माणूस 'जी साब' म्हणतो आणि कामाला लागतो. आमदाराला हुकूम देता येत नाही. तहसीलदार त्याचा ताबेदार नसतो, पाटबंधारे खात्याचा कार्यकारी अभियंता नसतो, शाळेचा मुख्याध्यापकही नसतो. तो पत्र देतो, फोन करतो, वाट पाहतो, अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकतो, लक्षवेधी लावतो, आणि मंत्र्याच्या केबिनबाहेर बाकीच्या आमदारांबरोबर ताटकळतो. फौजेत कुणी वेळ पाळली नाही तर त्याला शिक्षा होते. मतदारसंघात आमदारानं दहा वाजताची वेळ दिलेली असते, माणसं साडेअकराला येतात आणि वर चहा झाला का म्हणून विचारतात.

माझ्या आजोळी असेच एक मेजर होते (खरे हुद्द्यानं नाईक). ग्रामपंचायतीला उभे राहिले. प्रचाराची पहिली बैठक सकाळी सहाला ठेवली. सहा वाजून दहा मिनिटांनी आलेल्या चौघांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. त्या चौघांच्या भावकीत साठ-सत्तर मतं होती. मेजर पडले, पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पण आजही गावातल्या कुणाचे पेन्शनचे कागद अडले, कुणाच्या पोराला भरतीसाठी पळण्याचा सराव करायचा असला, की माणसं त्यांच्याच ओट्यावर जातात. आता त्या गावानं मेजरांचा अपमान केला म्हणायचा की मान ठेवला, हे तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणाल, जनरल सिंग ऐनवेळी आलेले, जो राजकारणात मुरलाय त्याचं काय? तर मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी घ्या. इंजिनिअर्स कोअरचे, १९९१ मध्ये पहिल्यांदा गढवालचे खासदार झालेले, वाजपेयी सरकारात रस्ते खात्याचे मंत्री, पुढे उत्तराखंडचे मुख्यमंत्री. स्वच्छ माणूस म्हणून नाव. २००७ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा आमदार नव्हते, तर धुमाकोटच्या जागेचा राजीनामा देऊन त्यांना वाट करून दिली ती काँग्रेसच्या आमदारानं. आणि ते आमदार कोण? लेफ्टनंट जनरल टी. पी. एस. रावत. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. पुढच्याच वर्षी रावतसाहेब भाजपकडून खासदार झाले, हे वाचून कदाचित तितकं वाटणार नाही.

२०१२ मध्ये भाजपनं 'खंडुरी है जरूरी' म्हणत निवडणूक लढवली. खंडुरी उभे होते कोटद्वारला. गढवाल रायफल्सचं केंद्र असलेल्या लॅन्सडाउनला जायचं तर रेल्वेतून इथेच उतरावं लागतं. इथल्या मतदाराला फौजीची किंमत साताऱ्याच्या आपल्या अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाइतकीच कळते. तिथे मुख्यमंत्री असलेले खंडुरी ४,६२३ मतांनी पडले. पक्षातल्याच लोकांनी पाय ओढले, असं तेव्हा उघड बोललं गेलं. ७० जागांत काँग्रेसला ३२, भाजपला ३१. त्या एका जागेनं सरकार गेलं म्हणा ना. दहा वर्षांनी त्यांच्या कन्येनं त्याच कोटद्वारला त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवलं आणि त्या विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या कधी गणवेशात नव्हत्या.

कर्नल अजय कोठियाल यांची गोष्ट मला यापेक्षा जास्त लागते. २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथ परत उभं करण्यात या माणसाचा मोठा वाटा. कीर्तिचक्राचे मानकरी, पहाडातल्या पोरांना भरतीसाठी तयार करणारे. २०२२ मध्ये आम आदमी पक्षानं त्यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं. गंगोत्रीतून उभे राहिले. सहा हजारांच्या आसपास मतं, डिपॉझिट जप्त. काही महिन्यांत ते भाजपमध्ये गेले. लोकांना ते नकोसे होते का? मुळीच नाही. पण केदारनाथच्या कामाचे आभार मानायचे म्हणून गंगोत्रीतला माणूस आपलं पाच वर्षांचं मत देत नाही.

फौजी निवडूनही येतात, हे मागच्या लेखात मी नीट सांगितलं नव्हतं. हिमाचलच्या सोलनमध्ये कर्नल धनीराम शांडिल २०१२ पासून तीनदा आमदार झाले. त्याआधी खासदार होते. २०१७ आणि २०२२ मध्ये भाजपनं त्यांच्यासमोर उभा केला तो त्यांचा जावई. पहिल्या वेळी सासरे सातशेहूनही कमी मतांनी तरले, दुसऱ्या वेळी जरा आरामात. त्या लढतीत फौज कुठे आली आणि घर कुठे आलं, ते सोलनवाल्यांनाच ठाऊक.

'फौजी पैसे खात नाही' याबद्दल फार बोलत नाही. कुलाब्यातल्या आदर्श सोसायटीच्या सभासदांच्या यादीत निवृत्त लष्करी अधिकारीही होते, एवढं आठवून द्यावंसं वाटतं. माणसं तिकडेही सगळ्या प्रकारची असतात. तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार.

आता माझा मूळ मुद्दा, जो शीर्षकाच्या नादात मागच्या वेळी दबला. उमेदवारानं छातीवरची पदकं दाखवून मत मागितलं की पराभवही त्या पदकांचाच होतो. म्हणून तर तुम्हाला इतकं लागलं ना? एक उमेदवार पडला आणि तुम्हाला मराठा पलटणीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना सांगितलं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. ते सैनिकांना कमी लेखण्यासाठी नव्हतं. सीमेवरून टपाली मत पाठवणारा जवान कोणत्या पक्षाला मत देतो हे त्याच्या शेजारच्या बंकमधल्या जवानालाही कळू नये, हीच तर फौजेची शान. निवृत्तीनंतर तुम्ही कुठल्याही पक्षात जा, नावापुढे हुद्दा लावा, तो तुमचा हक्क आहे. फलकावरचा गणवेशातला फोटो मात्र मला खटकतो आणि खटकत राहील.

तुम्ही विचारलंत, 'आमच्या तालुक्यातून फौजी उभा राहिला तर मत द्याल का?' ते त्यानं काय मागितलं यावर ठरेल. वन रँक वन पेन्शन, कॅन्टीन, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची रुग्णालयं, हे सगळं दिल्लीच्या हातात. त्यावर विधानसभेचं तिकीट मागणाऱ्याला मी मत देणार नाही, कारण आमदार होऊन तो ते करूच शकत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नींचे कागद का अडतात, माजी सैनिकांची घरपट्टी माफी सगळ्या गावांत का पोचत नाही, कालव्याचं आवर्तन शेवटच्या टोकाला असलेल्या शेतापर्यंत का येत नाही, हे जो विचारेल त्याचं भाषण मी शेवटपर्यंत ऐकेन. तुम्ही उभे राहणार असाल तर आवर्तनापासून सुरुवात करा. आणि प्रचाराची बैठक सहाला ठेवू नका.

मूळ लेखाचं शीर्षक आज बदललंय. 'मराठा लाइट इन्फन्ट्री' पहिल्या ओळीत घातलंय.