अर्ध्या तासात इंजिनाचं फाउंडेशन बदला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. शेवटी मेव्हण्यानंही तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, रविवारी करू या का?" मेसेज थोडक्यात असा: गाडी थरथरते म्हणजे इंजिनाचं फाउंडेशन गेलं. फाउंडेशन म्हणजे नुसता रबराचा बुश, गॅरेजवाले उगाच लुटतात. डिक्कीतला जॅक ऑइल चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लावा, तीन बोल्ट काढा, नवा बुश बसवा, बोल्ट करकचून आवळा, अर्ध्या तासात काम खलास. तेवढेही पैसे घालायचे नसतील तर जुन्या रबरातल्या फटीत काच चिकटवायचं सीलंट भरा. आणि काहीच केलं नाही तरी बिघडत नाही, गाडी चालतेच.

मी माझ्या गाडीचं फाउंडेशन घरी दोनदा बदललंय, त्यामुळे घरी करूच नका असं मी म्हणणार नाही. जरूर करा. पण या मेसेजप्रमाणे केलंत तर पैसे तरी जातील नाहीतर हाताला तरी लागेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, "थरथरते म्हणजे फाउंडेशन गेलं." सगळ्यात जास्त पैसे याच वाक्यापायी वाया जातात. थरथर इंजिनात तयार होते. फाउंडेशन इंजिन पेलतं आणि ती थरथर बॉडीपर्यंत फारशी पोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. चार सिलेंडरचं इंजिन ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्यांना) सेकंदाला साधारण २७ ठोके देतं, म्हणजे तितक्या वेळा सिलेंडरमध्ये इंधन पेटतं. तीन सिलेंडरचं २०च देतं, म्हणून ते मुळातच जास्त हलतं आणि आज रस्त्यावरच्या कितीतरी छोट्या गाड्या तीन सिलेंडरच्या आहेत. आता चारातला एक सिलेंडर मिस होत असेल तर सेकंदाला सहा-सात वेळा एक ठोका गळतो. तो हेलकावा कोरं करकरीत रबरसुद्धा अडवू शकत नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरून पाहा. हवा एकसारखी येत नसेल, मध्येच दम अडकल्यासारखी थांबत असेल, तर आधी प्लग, त्यांना वीज देणारी कॉइल आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) तपासा. माझ्या जुन्या गाडीची तिन्ही फाउंडेशनं एका गॅरेजनं बदलून दिली, बिल घेतलं आणि थरथर जशीच्या तशी राहिली. शेवटी निघाली एक मेलेली इग्निशन कॉइल. गॅरेजनं केलेली तीच चूक हा मेसेज तुम्हाला घरी करायला शिकवतोय.

फाउंडेशन गेल्याची लक्षणं वेगळी असतात. क्लच सोडताना किंवा अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर "धप्प" असा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की स्टेअरिंग आणि डॅशबोर्ड गुणगुणायला लागतात. खड्ड्यात पुढून खटका बसतो. खात्री करायची तर बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाला गाडीत बसवून ब्रेक घट्ट दाबायला सांगा आणि पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये, क्लच किंचित सोडायला लावा. आपण गाडीच्या बाजूला, पुढच्या चाकाशेजारी उभं राहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नको. चांगल्या फाउंडेशनवर इंजिन जरासं कलतं आणि परत येतं. तुटलेल्यावर ते उडी मारल्यासारखं उचलतं आणि आपटतं. एकदा पाहिलंत की पुन्हा कधी शंका येणार नाही.

दुसरा, "फाउंडेशन म्हणजे नुसतं रबर." सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत इंजिन थेट चासीला आवळलेलं असे आणि चार सिलेंडरचा सगळा धडधडाट बसणाऱ्याच्या हाडांत जाई. १९३१ मध्ये क्रायसलरनं प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर नेमक्या जागी तोलून बसवलं आणि त्याला "फ्लोटिंग पॉवर" असं नाव दिलं. फ्रान्सच्या सित्रोएननं पुढच्याच वर्षी ते तंत्र वापरायचा हक्क विकत घेऊन आपल्या गाड्यांत वापरला. त्या रबराला किंमत आली ती त्याच्या आकारामुळे आणि जागेमुळे. आजचा फाउंडेशनचा बुश हातात घ्या. आतली नळी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या पोकळ्या दिसतील. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. लहान हालचालीला त्या पोकळीमुळे रबर मऊ लागतं. मोठा धक्का आला की पोकळी मिटते आणि रबर कडक होतं. कित्येक जण या पोकळ्या बघून "फाटलं" म्हणतात. फाटलेल्या बुशाची खूण वेगळी: रबर नळीपासून एका बाजूनं सुटलेलं असतं, कडा खडबडीत असते आणि धातू धातूला घासून तिथे चकचकीत पट्टा पडलेला असतो. काही फाउंडेशनच्या पोटात तर द्रव भरलेला असतो. त्याखाली ओघळ दिसला तर वरचं रबर धडधाकट दिसत असूनही ते बाद झालेलं असतं.

तिसरा मुद्दा जॅकचा, आणि इथे मला राग येतो. गिअरबॉक्स धरून छोट्या गाडीचं इंजिनसुद्धा शंभर किलोच्या वर जातं. डिक्कीतला कात्री जॅक चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या डोक्याला खाच असते ती दाराखालच्या पत्र्याच्या कडेसाठी. चेंबरखाली लावलात तर सगळा भार त्या खाचेच्या दोन धारांवर येतो. आमच्या सोसायटीत एकानं पेव्हर ब्लॉकवर असा जॅक ठेवून उजव्या बाजूचं फाउंडेशन काढलं. बोल्ट सुटताक्षणी इंजिन आडवं सरकलं, जॅक कलंडला आणि इंजिन दोनेक इंच खाली बसलं. त्याचा हात त्या क्षणी पान्यासाठी मागे गेला होता म्हणून बोटं वाचली. चेंबरला मात्र पोचा पडला. ऑइलची जाळी चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटरवरच असते. पोचा खोल असेल तर ऑइल खेचायला वाटच उरत नाही, आणि चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर सरळ तडकतो.

वरच्या फाउंडेशनसाठी गाडी उचलावीच लागत नाही. सपाट फरशी, चारही चाकं जमिनीवर, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, इंजिन गार. ट्रॉली जॅक, त्यावर चेंबरभर रुंद जाड लाकडी फळी, आणि इंजिन उचलायचं ते फक्त फाउंडेशनवरचा भार हलका होईपर्यंत. ते वर ढकलत नेलंत तर होज, वायरिंग आणि एक्सलचे आतले जॉइंट ताणले जातात. एका वेळी एकच फाउंडेशन सोडायचं. गाडीखाली शिरावं लागणार असेल तर ती घोड्यांवर (गाडी धरून ठेवणाऱ्या लोखंडी स्टँडवर) ठेवल्याशिवाय शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडीच लागते.

चौथा, "करकचून आवळा." नवं फाउंडेशन बसवताना भोकं सहसा एका रेषेत येत नाहीत. तिथे बहुतेक जण बोल्ट तिरका घालून पान्यानं ओढतात आणि अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे जातात. जॅक केसभर वर, केसभर खाली करत राहा. बोल्ट नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे गेला पाहिजे, तोवर पान्याला हात लावू नका. सगळे बोल्ट अर्धवट लावून झाले की जॅक काढा, इंजिन स्वतःच्या वजनावर बसू द्या, थोडं हलवा आणि मगच शेवटचं आवळा. इंजिन उचललेलं असताना आवळलंत तर रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत अडकतं. नवा बुश लवकर फाटण्याचं हे एक मोठं कारण आहे, पण दोष पार्टला दिला जातो. आवळायचं ते टॉर्क पान्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही त्यातच लिहिलेलं असतं.

सीलंटबद्दल फार लिहीत नाही. ते हवेतल्या ओलाव्यानं बाहेरून आत वाळतं, जाड गोळा आतून कित्येक दिवस ओला राहतो. तेलकट जुन्या रबराला ते धरत नाही. आणि समजा धरलंच, तर ज्या पोकळीमुळे थरथर अडत होती तीच तुम्ही बुजवलीत.

राहिला शेवटचा, "काही बिघडत नाही." डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण होतं इंजिन माउंट, म्हणजे हेच फाउंडेशन. रबर धातूपासून सुटलं की जोर लावताना इंजिन उचललं जाई, त्यासरशी थ्रॉटलचा दुवा ओढला जाऊन गाडी आपोआप वेग घेई. आजच्या बहुतेक गाड्यांत थ्रॉटल दुव्यानं ओढला जात नाही, इलेक्ट्रॉनिक इशाऱ्यावर चालतो, तेव्हा नेमकं तसं होणार नाही. पण एक फाउंडेशन गेलं की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. मग सायलेन्सरचा जाळीचा पाइप तडकतो, वायरिंगचं आवरण घासतं, गिअर अडखळतात. आज एक बुश लागला असता तिथे वर्षभरानं यादी लागते.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे: घरी करता येतं. निदान खालचा टॉर्क रॉड (दोन्ही टोकांना बुश असलेली आडवी दांडी) घरी बदलणं खरंच आवाक्यातलं आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन वरच्या दोन फाउंडेशनवर लटकतं आणि खालचा रॉड फक्त झोका अडवतो, वजन पेलत नाही. सुरुवात करायची तर तिथून करा. आणि रॉड अख्खा घ्या. बुश हातोड्यानं ठोकून बसवलात तर त्याची कडी वाकडी होते. तो प्रेसवरच बसवायचा असतो, आणि पोकळीची दिशा जुन्यासारखीच यावी लागते.

मेव्हण्याच्या गाडीत रविवारी आम्ही आधी बॉनेट उघडून तपासणी केली. वरची दोन्ही ठणठणीत होती, खालचा रॉड गेला होता. गाडी घोड्यांवर घेण्यापासून शेवटच्या बोल्टपर्यंत दोघांना अडीच तास लागले, त्यातला पाऊण तास एका गंजलेल्या बोल्टला तेल सोडून वाट बघण्यात गेला. रिव्हर्सचा धप्प आवाज थांबला. आयडलिंगची बारीक थरथर अजून आहे. ती तशीच राहणार, इंजिन तीन सिलेंडरचं आहे.