दरोड्याला पाच जण लागतात!

गुन्ह्यांच्या बातम्यांतल्या शब्दांवरच्या तुमच्या लेखात चोरी, जबरी चोरी (धाक दाखवून किंवा मारहाण करून केलेली चोरी) आणि दरोडा यांतला फरक सांगितला ते बरं झालं. आमच्या गोव्यातल्या बातम्यांत दोघा चोरट्यांनी बंद बंगला फोडला तरी मथळ्यात ‘दरोडा’. अहो, ती घरफोडी! दरोड्याला किमान पाच जण लागतात, आणि धाक किंवा मारहाणही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१० आहे. व्याख्या मात्र तीच.

सोनसाखळी खेचून पळणं लेखात राहिलं. त्याला आता ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, जुन्या संहितेत ते नव्हतं. (चारशेवीसचंही ३१८ झालं, पण बोलताना माणूस चारशेवीसच राहणार.)

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ एकाच अर्थाने वापरणं. म्हापशात कुणाला नुसतं चौकशीला बोलावलं तरी गावात तो गुन्हेगार. चौकशीपुरता तो संशयित, आरोप ठेवला की आरोपी, आणि दोषी ठरवायचं काम न्यायालयाचं. न्यायालयीन कोठडी म्हणजे शिक्षा असंही बऱ्याच जणांना वाटतं. त्यात आरोपी पोलिसांच्या ताब्यातून तुरुंगात जातो, एवढंच. उलट तिथून जामिनाची वाट थोडी सोपी होते.

लेखाच्या पुढच्या भागात आमचे ‘मुंडकार’ (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून राहणारा) आणि ‘भाटकार’ (त्या जमिनीचा मालक) हेही घ्या. गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार कायद्यातले शब्द आहेत, पण सावंतवाडीपलीकडच्या वाचकाला समजावून सांगावे लागतील.