ओसाकाहून आलेली यादी

पुण्यात बसून जपानी ग्राहकांची कामे करणाऱ्या माणसाची जपानी भाषेविषयीची भीती यथावकाश जाते. जात नाही ती ओसाकाहून ईमेलने येणाऱ्या सीएसव्ही फायलीची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराची. ग्राहकांच्या नावांची यादी म्हणून ती उघडावी, तर ‘सूत’ हे अंग असलेली तीच तीन कांजी अक्षरे (जपानीने चिनी लिपीतून घेतलेली) पडद्यावर पुन्हा पुन्हा उगवतात. अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीतला मजकूर कोणीतरी शिफ्ट-जिस या जपानी पद्धतीतला समजून वाचतो आहे, एवढे निदान आता मी नाडी न पाहता करतो.

याला जपान्यांचा आळस नव्हे, उद्योगीपणा कारणीभूत आहे. १९७८ साली त्यांनी ६,३४९ कांजींना रीतसर क्रमांक दिले आणि पुढे ते क्रमांक साठवण्याच्या तीन पद्धती एकाच वेळी नांदवल्या : घरगुती संगणकांवर शिफ्ट-जिस, युनिक्सवर ईयूसी आणि ईमेलसाठी सात बिटांत मावणारी तिसरी. भांडण मिटवायला सगळ्या लिपींना एकाच यादीत बसवणारे युनिकोड (यूटीएफ-८ त्याचेच) आले आणि वाटणीला चौथा भाऊ उभा राहिला. आलेली फाइल यांपैकी कोणाची, हे तिच्यात कोठेही लिहिलेले नसते. ग्राहकाला विचारावे, तर ‘आमच्याकडे व्यवस्थित दिसते आहे’ असे अत्यंत नम्र उत्तर येते.

शिफ्ट-जिसचा खरा खोडसाळपणा याहून खोल आहे. तिच्यात एकेक जपानी अक्षर बहुधा दोन बाइटांत, म्हणजे दोन आकड्यांत, साठवतात आणि काही अक्षरांचा दुसरा बाइट व बॅकस्लॅश (\) या चिन्हाचा बाइट एकच आहे. (जपानी संगणकावर हा बॅकस्लॅश येनच्या चिन्हासारखा दिसतो, त्यामुळे फोल्डरचा पत्ता वाचताना प्रत्येक पायरीवर कोणी पैसे मागत असल्याचा भास होतो.) अजाण प्रोग्रॅम त्या बाइटला आज्ञा समजून गिळतो आणि पुढच्या ओळीचा विचका करतो. ही अक्षरे दुर्मीळ असती, तर सोसले असते. परंतु जपानीत ‘सॉफ्टवेअर’चे पहिले अक्षर ‘सो’ त्यांत आहे, ‘क्षमता’ आणि ‘तक्ता’ यांच्या कांजीही आहेत. म्हणजे सॉफ्टवेअरच्या क्षमतेचा तक्ता तेवढा पाठवू नये, बाकी काहीही पाठवावे.

माझी सहानुभूती मात्र ताकाहाशी मंडळींकडे आहे. त्यांच्यापैकी अनेक जण ‘ताका’ हे अक्षर शिडीसारख्या वळणाने लिहितात. १९७८ च्या त्या मूळ प्रमाणयादीत ते वळण नसल्यामुळे आमच्या अहवालात या सभ्य गृहस्थांचे अर्धे आडनाव प्रश्नचिन्ह होऊन छापले जाते. त्याच यादीत कोणीही न वापरलेली काही अक्षरे मात्र मानाने बसली आहेत. शिगा प्रांतातल्या एका गावाच्या नावासाठी ‘डोंगर’ आणि ‘बाई’ ही अक्षरे कापून एकाखाली एक चिकटवली गेली, कागदाच्या कडेची सावली बहुधा रेघ समजली गेली आणि त्यातून एक नवेच अक्षर जन्मले. दुसऱ्या एकाचा उगम तर यादीच्या १९९७ च्या आवृत्तीसाठी झालेल्या कसून शोधातही सापडला नाही. मी मुद्दाम तपासले : ही दोन्ही अक्षरे चारही पद्धतींत अगदी ठसठशीत उमटतात.